दोन तोतया मांजरं

"माझ्यासारखा मेंदू शतकातून एकदाच घडतो," असं आमचे हे स्वतःच सांगतात, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नाही. हे खाजगी गुप्तहेर. मी मदतनीस. पगार नाही, रजा नाही, आणि साहेब घरीच झोपायला.

परवा नणंदेचा फोन आला. ती मांजरांचं वसतिगृह चालवते. गावाला जाणारे लोक आपली मांजरं तिच्याकडे ठेवतात. "दादा, लवकर ये. कॉम्प्युटरमधून मांजरं गायब झालीत."

आम्ही लगेच पोचलो. तिच्या लेकीने नवा प्रोग्रॅम लिहिला होता. "मामी, आधी मांजरं ॲरेमध्ये होती, म्हणजे एकामागे एक, रांगेत. मी त्याचं ऑब्जेक्ट केलं. म्हणजे कप्पे. कप्प्यावर मांजराचं नाव, आत त्याची माहिती. रांगेत सगळी होती, कप्प्यांत दोन कमी भरतायत." पोरगी रडवेली झाली होती.

यांनी कीबोर्डचा वास घेतला. "रांगेतून कप्प्यात जाताना वाटेत काय लागतं?"

"काही नाही, मामा."

"मग तिथेच पळाली."

"अहो, पण खोलीत सगळी आहेत की," मी म्हटलं.

हे थबकले. मग हळूच हसले. ते हसू मला चांगलं ठाऊक आहे, त्यानंतर माझंच काम वाढतं. "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. म्हणजे खोलीतली दोन मांजरं तोतया आहेत. बाहेर काढा."

खिडकीतल्या पांढऱ्या मांजराने जांभई दिली. यांच्या मते तो कबुलीजबाब होता.

"दादा, ती पलीकडच्या गल्लीतल्या आजोबांची," नणंद कळवळून म्हणाली. "डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. आज न्यायला येतायत तिला. घरी दुसरं कुणी नाही रे त्यांना."

हे मात्र पांढरीला टोपलीत घालून दारापर्यंत पोचलेसुद्धा. दारात आजोबाच उभे, एका डोळ्याला पट्टी.

"माझी मनी कुठाय?"

"चौकशी चालू आहे. ही तोतया आहे."

आजोबांनी उरलेल्या डोळ्याने यांना नीट पाहून घेतलं आणि हाक मारली, "मने."

टोपलीतून एक डोकं वर आलं. कपाटावरून दुसरीने उडी मारली. टेबलाखालून तिसरी आली.

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. "तिघींचं नाव मनी. आणि एका नावाचा कप्पा एकच. दुसरी आत गेली की पहिली बाहेर, तिसरी गेली की दुसरी बाहेर. थांबा, नावाऐवजी पावतीच्या नंबराने कप्पे करते." दोन मिनिटांत कॉम्प्युटरमध्ये सगळी मांजरं जागेवर.

"पण वेगळं नाव ठेवायला काय झालं होतं?" हे आजोबांवर डाफरले.

"मांजराला आणखी काय म्हणतात?" आजोबांनी विचारलं.

आजोबांनी पांढरीला चाचपून छातीशी धरलं. ती त्यांच्या मानेत तोंड खुपसून गुरगुरू लागली, आणि मला खरंच भरून आलं. "चल मने, घरी," असं म्हणत ते निघाले.

उरलेल्या दोघीही निघाल्या.

हे फाटकापर्यंत धावले आणि हातभर ओरखडे घेऊन दोघींना परत घेऊन आले. इतक्या वर्षांच्या धंद्यात यांनी प्रत्यक्ष पकडलेले हे पहिलेच संशयित.