मुरलीआप्पांचा अर्धा इंच

सोनईत बदलून आलो त्या आठवड्यात पॅन्ट शिवायला मुरलीआप्पांच्या दुकानात गेलो. खताच्या दुकानावरची ती खोली, जिना उभा. आप्पांनी कंबर मोजली, मांडी मोजली आणि मग मला भिंतीला उभं करून उंची मोजली. पॅन्टला डोक्यापर्यंतची उंची कशाला लागते, हे मला कळेना.

"पाच फूट सात," आप्पा चष्म्यावरून म्हणाले. "मास्तर, जुन्या काळी ऑस्ट्रेलियाचा एक टेनिसचा चॅम्पियन हुता, त्याच्या मापाचे हाय तुमी. चाळिशीतबी भल्याभल्यांना दमवायचा त्यो."

मी सुखावलो.

"तुमी जिन्यालाच दमला," ते म्हणाले आणि टेप गळ्यात टाकली.

सोनईत असं माप निघालेलं नाही असा माणूस सापडणं कठीण. ग्रामसेवकांना त्यांनी सांगितलं होतं की, "तुमचं शरीर दुहेरीचं. एकट्यानं अख्खं मैदान झेपायचं न्हाई." एकदा लग्न ठरलेल्या नवरदेवाचा सफारी शिवायला दोन्हीकडची मंडळी आली, तर मुलीच्या मामाला आप्पा म्हणाले, "पोरगा पाच सहा हाय, पण पाय लांब. सर्व्हिसला कमी पडंल, नेटवर भारी." मामा घरी जाईपर्यंत विचारत होता, की मुलात काही खोट आहे का.

हे वेड साखर कारखान्याच्या कॉलनीतलं. तिथल्या ऑफिसर क्लबात तांबड्या मातीचं टेनिसचं मैदान होतं आणि साहेबांच्या पांढऱ्या हाफ पॅन्टी आप्पा शिवायचे. त्यांच्याकडे एक वही होती. जुन्या चॅम्पियन लोकांची उंची, छाती, खांदा, कोण सडपातळ, कोण आडवा, सगळं पेपरातून आणि पुढं मोबाईलवरून उतरवलेलं. पण वहीत नावं फक्त बुटक्यांची. हल्लीच्या साडेसहा फुटी खेळाडूंना ते "विजेचे खांब" म्हणत आणि त्यांची नोंद करत नसत. टेनिस हा उंच माणसांचा खेळ, असं दुकानात कुणी म्हणालं, तर त्याचं कापड आप्पा मागच्या फळीवर टाकत. आठ दिवसांचं काम महिन्यावर जाई.

मला हे सगळं गमतीचं वाटे. एकच गोष्ट खटकायची. त्यांची मुलगी सुषमा पुण्याला दवाखान्यात नर्स होती. ती वर्षातून दोनदा यायची आणि आप्पा तिचं माप कधी घेत नसत. तिच्या लग्नाचे कपडेसुद्धा नगरहून आणले होते. अख्ख्या गावाला टेप लावणारा माणूस स्वतःच्या मुलीला लावत नव्हता.

कारण आप्पांच्या बायकोनं, काकूंनी, सांगितलं. आप्पा खालच्या दुकानात सुतळी आणायला गेले होते, तेवढ्यात.

सुषमा लहानपणी बापाबरोबर क्लबात कपडे पोचवायला जायची. कडेचे चेंडू गोळा करता करता खेळायला लागली. एका इंजिनिअरच्या बायकोनं जुनी रॅकेट दिली. तेराव्या वर्षी ती मोठ्या बायकांना हरवायची. शाळेनं तिचा अर्ज पुण्यातल्या खेळाच्या एका वसतिगृहाकडे पाठवायचं ठरवलं. मुलींना पाच फुटांची अट होती आणि उंची पालकांनी लिहायची होती.

"चार फूट साडेअकरा भरली," काकू म्हणाल्या. "हेडमास्तर म्हनले, आप्पा, पाच लिहा, अर्ध्या इंचाला कोन बघतंय. हे म्हनले, मी शिंपी हाय, माझी टेप खोटं बोलत न्हाई. लिहिलं साडेअकरा. अर्ज परत आला."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या गावची एक पोरगी गेली, तिच्या बापाला भेटले हे नंतर. तिथं कुनी मोजलंच न्हाई म्हनला त्यो." काकूंनी पदरानं कप पुसला. "पोरीनं रॅकेट माळ्यावर टाकली. एका शब्दानं बापाला बोलली न्हाई. बोलली असती तर बरं हुतं. तवापासून ही वही."

त्यानंतर आप्पांच्या विनोदांना मला पूर्वीसारखं हसता येईना.

गेल्या उन्हाळ्यात सुषमा आली. तिला कामावरचा पांढरा ड्रेस हवा होता. मापाला जुना ड्रेस आणि नवं कापड तिनं फळीवर ठेवलं. "घाई नाही, आप्पा," एवढंच म्हणाली. परत जाताना एसटी स्टँडवर मी तिची पिशवी घेऊन गेलो. गाडीला वेळ होता. बोलता बोलता मी म्हणालो, की मला काकूंनी सगळं सांगितलंय.

ती म्हणाली, "मास्तर, मी पुढच्याच वर्षी वाढले. आता पाच फूट एक आहे. त्यांनी वर्षभर थांबून अर्ज केला असता, तरी चाललं असतं. तेव्हा आम्हाला कुणालाच ते सुचलं नाही."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. कळलं तर त्यांना जेवण जायचं नाही. म्हणून तेव्हापासून घरात मी जरा वाकूनच उभी राहते. आता सवय झालीय. दवाखान्यातले डॉक्टर विचारतात, पाठ दुखते का म्हणून."

गाडी आली, ती गेली. मी सरळ दुकानात आलो. काय बोलावं ते ठरलं नव्हतं. आप्पा तिचं कापड पसरून खडूनं रेघा मारत होते. बाजूला ठेवलेल्या जुन्या ड्रेसपेक्षा त्यांची रेघ चांगली दीड इंच खाली होती.

"आप्पा, मापापेक्षा लांब धरलंय," मी म्हणालो.

"त्यो जुना तिला आखूड हुतो. पाच एक हाय ती." त्यांनी मान वर केली नाही. "दारात उभी ऱ्हायली की शिंप्याला कळतं, मास्तर. वाकली तरी कळतं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तिनं माझ्यासाठी इतकी वर्सं पाठ वाकवली. मी बोललो असतो, तर तिला वाटलं असतं, आपलं समदं वाया गेलं." कात्री उचलून त्यांनी पुन्हा खाली ठेवली. "आन् बोलून काय करनार हुतो मी? माफी मागायची, तर ती नगं म्हननार. मग आमी दोघंबी रडनार. तुमची काकू एकटीच ऱ्हाईल सावरायला."

ड्रेस मी पुण्याला जाताना घेऊन गेलो. चार दिवसांनी सुषमाचा फोन आला. "मास्तर, ड्रेस अगदी बरोबर बसला," ती म्हणाली. मापाला दिलेला ड्रेस आखूड होता, हे तिलाही माहीत होतं. "आप्पांना कळलंय का?"

खोटं बोलावं असं मनात आलं. पण मी म्हणालो, "पहिल्यापासून."

"दिवाळीला येते," म्हणून तिनं फोन ठेवला.

दिवाळीला ती आली तेव्हा मी दुकानात होतो. ती जिना चढून वर आली आणि उंबऱ्यात सरळ उभी राहिली, खांदे मागे टाकून. मी तिला इतकी उंच कधी पाहिली नव्हती. आप्पांनी मशीन थांबवलं. तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले. पुसून झाला तरी त्यांनी तो घातला नाही.

"ये," ते म्हणाले. "उन्हातनं आलीस. बस."

तिनं त्यांच्या शेजारचं स्टूल ओढलं. मी उठलो आणि जिना उतरून खाली आलो.