सहा बाटल्यांचा कोर्स

बाटल्या सहा होत्या. तपकिरी काचेच्या, साडेसातशे मिलिलीटरच्या, बुचावर तारेची जाळी घट्ट आवळलेली. नाव एकीवरही नव्हतं, नुसते चिकटवलेले आकडे, एक ते सहा. शिवाय पातळ काचेचा पेला एक, अळणी बिस्किटांचा पुडा एक आणि हे सगळं गुंडाळलेलं ओलं फडकं एक. एवढा ऐवज बॅगेच्या तळाशी घालून समीक्षा पुण्याहून बीबी या आपल्या गावी आली होती, वडिलांचे थोरले भाऊ निवृत्ती, म्हणजे तिचे मोठेबाबा, यांच्या दहाव्याला.

योजना निर्दोष होती! सकाळी नाल्यावरचा विधी उरकायचा. दुपारी घर रडून दमलं, झोपलं, की मागच्या खोलीत कडी लावून एकेक बाटली उघडायची, वास घ्यायचा, चूळ भरावी तशी चव घ्यायची, थुंकून टाकायचं आणि संध्याकाळच्या आत कंपनीतल्या करिष्मा मॅडमना फोनवरून गुण कळवायचे. बेल्जियमकडचे शेतकरी जुन्या काळी सुगीच्या मजुरांसाठी करत त्या पद्धतीची बिअर, आणि तीही वर्षभर ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली. सहाही नमुन्यांचे गुण वेळेत गेले तर समीक्षाची उमेदवारी संपून नोकरी पक्की होणार होती. एक जरी चुकला तरी ती संपणार होती.

हे सगळं घरी कोणाला ठाऊक नव्हतं. घरी ती 'औषधाच्या कंपनीत' होती. दुसरं सांगणार काय? मोठेबाबांच्या गळ्यात माळ, मोठीआईच्या गळ्यात माळ. त्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबायचा! तिथं मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. पोरगी बिअरचा घोट तोंडात घोळवून पगार घेते म्हटलं असतं, तर वडिलांनी, म्हणजे नारायणरावांनी, पुढच्याच गाडीनं तिला परत आणलं असतं.

आणि मोठेबाबा दर रविवारी फोनवर खोकत खोकत म्हणायचे, "तुह्या कंपनीचं औषध पाठव ना वं पोरी. इथल्या डॉक्टरचं लागूच होऊन नाही राह्यलं." समीक्षा म्हणायची, "पाठवते, मोठेबाबा." मग पाठवायचं राहूनच गेलं, आणि मोठेबाबाही राहिले नाहीत.

नाल्यावर आभाळ पोतेरं फिरवल्यासारखं मळकट झालं होतं. पिंड मांडून बराच वेळ झाला होता. बाभळीवर कावळे होते, पण खाली एकही येईना. पंचवीसेक माणसं मान वर करून उभी होती.

"येऊन काऊन नाही राह्यला?" गुरुजी कुरकुरले.

"जीव अडकला हाये निवृत्तीचा," शेषराव म्हणाले. शेषराव भजनी मंडळाचे म्होरके. दहाव्याच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे गावाला शेवटचा. "सहदेव, कबूल कर काही तरी."

सहदेव, मोठेबाबांचा थोरला, चकोट केलेलं डोकं खाली घालून पुढं झाला. "बाबा, वावरात ठिबक बसवतो!"

कावळा हलला नाही.

"बाबा, गोपालसंग भांडण मिटवतो!"

कावळ्यानं पाठ फिरवली. धाकटा गोपाल हात जोडून पुढं सरसावला. "बाबा, मी गुटखा सोडतो!"

कावळा उडून पलीकडच्या झाडावर गेला.

"पाह्य बे! खोटं बोललं की त्यालेबी समजते," शेषराव म्हणाले.

कोणी हसलं नाही. मोठीआई, रुखमाबाई, इतका वेळ दगडावर बसून मातीकडे बघत होती. तिनं एकदम मान वर केली.

"औषध!" ती म्हणाली. "औषध मांगत होते ते. शेवटच्या रात्री बी म्हणे, समीक्षाचं औषध आलं का? आणि पोरीनं आणलं वं! तिच्या बॅगेत मी सोता पाह्यल्या बाटल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. दहा दिवस उशीर झाला बिचारीले!"

बायकांनी हंबरडाच फोडला.  समीक्षानं तोंड उघडलं, तोवर नारायणरावांनी गोपालला मोटारसायकलवर पिटाळलंसुद्धा! गावचा तो रस्ता म्हणजे नांगरलेलं वावर. त्यावरून सहा बाटल्या फडक्यातल्या पेल्यासकट आदळत, आपटत, घुसळत नाल्यावर आल्या.

"बाबा, ते औषध नाहीये," समीक्षा नारायणरावांच्या कानाशी लागली.

"मंग काय हाये?"

पंचवीस जण तिच्याकडे वळले. मोठीआईनं पदर तोंडावरून काढला. तिचे ते सुजलेले डोळे समीक्षानं पाहिले.

"म्हणजे... अजून मंजुरी नाही मिळाली त्याला."

"मंजुरी कावळ्याची पाह्यजे. सरकारचं पाहू मंग," शेषराव म्हणाले. "हे आकडे कशाचे? डोस हायेत. एक नंबरपासून लाव नारायण."

नारायणरावांनी तार सोडवली. अंगठा बुचाला टेकतो न टेकतो तोच ठो! बूच सुटलं आणि गुरुजींच्या तांब्यावर टणकन आपटलं. झाडांवरचे सगळे कावळे काव काव करत थेट सुलतानपूरच्या दिशेनं गेले! बाटलीतून फेसाचा लोट उसळला, नारायणरावांचा सदरा भिजला, पिंडाला दाढीच्या साबणासारखा फेस आला.

"औषध जोरदार हाये," गुरुजी तांबा चाचपत म्हणाले.

कावळे परतले, पण बाभळीवरच बसले. पिंडावर घालून उरलेल्याचं काय करायचं? मेलेल्या माणसाच्या नावाचं औषध मातीत कसं ओतणार? शेषरावांनी ओंजळ पुढं केली. "खोकला कोणाले नाही?" मग सगळ्यांनीच ओंजळ पुढं केली.

नमुना उघडला होता. शिळा झाला की गुण देता येणार नव्हते. समीक्षानं हळूच पेला पुढं केला, पाठ फिरवून हुंगला, घोट घोळवला. कोरडं गवत, लिंबाची साल, शेवटी लाकूड. ती वळली, तर शेषरावही ओंजळ हलवून नाक खुपसत होते!

"असंच घ्या लागते का वं?"

"हो," समीक्षा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दुसरी बाटली. ठो! कावळे गेले, कावळे आले, बाभळीवर बसले.

"पोरी, बस कर म्हणावं का यायले?" नारायणरावांनी विचारलं.

"छे!" शेषराव कडाडले. "कोर्स अर्धवट सोडला की दुखणं उलटते. सहाच्या सहा पुऱ्या करा लागतील!"

तिसरी काळसर होती, खजुरासारखी गोड आणि अल्कोहोलच्या हिशेबानं बरीच जड. ती पोटात गेल्यावर गुरुजींना मंत्रातली एकच ओळ सारखी आवडू लागली. आडगावचे पाहुणे म्हणाले, यात शेणीच्या धुराचा वास हाये. शेजारचा म्हणाला, धूर नाही, ओली घोंगडी. दोघांचं चांगलंच जुंपलं! चौथ्या बाटलीला सहदेव मटकन खाली बसला. दहा दिवस पोराच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता तो लहान लेकरासारखा हमसून रडू लागला आणि गोपाल त्याला कवेत घेऊन त्याच्याहून मोठ्यानं. मोठीआई बघत राहिली. "लागू पडलं वं पोराले," ती पुटपुटली.

समीक्षाला तिथंच बाभळीखाली गाडून घ्यावंसं वाटलं. माळकऱ्याच्या पिंडावर तिनं चार बाटल्या ओतल्या होत्या. पाचवी नारायणरावांच्या हातात होती.

पाचवी पण गेली. कावळा नाही.

सहावीला बूच वाजलंच नाही. फुस्स झालं, आणि समीक्षाला वासावरूनच कळलं. पिंपात कुठून तरी हवा शिरली होती. निव्वळ व्हिनेगर! शेषरावांनी घोट घेतला आणि लांब थुंकला. "हे काही खरं नाही, नारायण."

माणसांचे पाय आता जड झाले होते. एकेक जण मागं सरकत बांधाच्या आडोशाला टेकला.  वारा पडला होता. पिंडाजवळ फक्त मोठीआई उरली.

"या हो," ती नुसती म्हणाली. "पोरीनं आणलं हाये."

बाभळीवरून एक कावळा खाली आला. तिरका चालत पिंडाजवळ गेला. चोच बुडवली, मान झटकली. पुन्हा बुडवली.

"शिवला!"

काय तो गलका! बांधावरची माणसं उठायला गेली आणि तिथल्या तिथं परत बसली. गोपालनं सहदेवला मिठी मारली, गुरुजींनी बाभळीला. कावळा आला तो माणसं लांब गेली आणि बुचांचा बार थांबला म्हणून, हे समीक्षाला स्पष्ट दिसत होतं. पण मोठीआईनं तिचं तोंड ओंजळीत धरलं होतं, आणि त्या हातांना व्हिनेगरचा वास येत होता.

"त्याईले हेच पाह्यजे होतं वं. सहावं. पह्यले पाच नाही घेतले. हे सगळ्यात चांगलं हाये असं लिही तुह्या कंपनीले. त्याईनं पसंत केलं म्हणावं."

"हो, मोठीआई."

परतताना नारायणराव समीक्षाच्या बरोबरीनं चालत होते.  मग भिजलेल्या सदऱ्याची बाही त्यांनी हुंगली.

"जालन्याले दोस्ताच्या लग्नात हे औषध मी घेतलं होतं," ते समोर बघत म्हणाले. "तवा त्याले दुसरं नाव होतं."

समीक्षा रस्त्यातच थांबली.

"चाल, चाल. आणि तुह्या मोठीआईले नको सांगू. तिनं दोन ओंजळी घेतल्या हायेत."

संध्याकाळी मागच्या खोलीत कडी लावून समीक्षानं फोन हातात घेतला. पाच नमुन्यांचे गुण भराभर टाकले. सहाव्यापाशी तिचा अंगठा थांबला. पलीकडच्या खोलीत मोठीआई दहा दिवसांत पहिल्यांदा घोरत होती. समीक्षानं बराच वेळ ते ऐकलं. मग टाकलं:

नमुना क्रमांक सहा. व्हिनेगरचा आंबटपणा मर्यादेबाहेर. गुण : दहापैकी दोन.