कचेरीचा होकार

वर्धन कंपनीचा लॅपटॉप घर बघितल्याशिवाय होकार देत नाही. मिरजेत हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आई गेल्यानंतर मी दुकानात गेले, तेव्हा मगदूमअण्णांनी यंत्र दाखवायच्या आधी मलाच विचारलं, "ताई, घरात माणसं किती?"

"मी आहे," मी म्हटलं.

अण्णांनी मला खुर्ची दिली आणि कंपनीच्या दोन्ही घराण्यांची माहिती सांगितली. घरगुती लोकांसाठी 'अंगण' आणि कामधंदेवाल्यांसाठी 'कचेरी'. अंगण वजनाला हलकं, रंगाने उजळ, आवाज गोड, पडदा चकचकीत. संध्याकाळी सगळ्यांमध्ये बसतं, मालिका बघतं, मुलांचा अभ्यास घेतं, घरातलं शेवटचं माणूस झोपेपर्यंत जागं राहतं. कचेरी काळी, बांध्याने मजबूत. तिच्यावर चहा सांडला तरी कुरकुर नाही, बोट लावल्याशिवाय उघडत नाही, आणि तिच्या पडद्यात आपलं तोंड दिसत नाही.

"हमी कचेरीची जास्त," अण्णा म्हणाले. "पण सहा वाजले की मिटते. आणि कामाशिवाय बोलत नाही बघा."

"मला अंगणच द्या," मी म्हटलं. मला काम असं काही नव्हतं. संध्याकाळी घरात कोणीतरी असावं, एवढंच हवं होतं.

"मी कोण देणारा? रविवारी घेऊन येतो. पोहे तेवढे करा. ते खात नाही, पण समोर ठेवावे लागतात."

पोहे मला चांगले जमतात. तरुणपणी मला बघायला बरेच लोक येऊन गेले. सगळे 'कळवतो' म्हणून उठायचे, आणि आई पुढे कितीतरी दिवस पोस्टमनकडे बघत बसायची. त्यामुळे दिवाणावर धुतलेली चादर घालायची, फुलदाणी उजव्या बाजूला ठेवायची, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

शेजारच्या खोतवहिनींना मात्र काळजी वाटली. "शालनताई, एकट्या दिसलात तर ते उंबऱ्यावरूनच मागे फिरेल. आम्ही सगळे येऊन बसतो. मामंजी पेपर वाचतील, पोरं भांडतील. भरलेलं घर दिसू दे की त्याला."

मला ते बरोबर वाटेना, पण मी हो म्हटलं.

रविवारी अण्णांनी अंगणाला दिवाणावर ठेवलं. ते उघडलं आणि त्याने सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. मामंजी पेपर वाचत होते. मुलं सांगितल्याप्रमाणे भांडत होती.

"आजोबा चहात साखर किती घेतात?" अंगणाने सहज विचारलं.

"एक चमचा," मी म्हटलं.

"त्यांना साखर बंद आहे," वहिनी त्याच वेळी म्हणाल्या.

"दोन चमचे. आणि वरून थोडी," पेपरातून मामंजी म्हणाले.

मग अंगणाने मला विचारलं, "संध्याकाळी दिवे कोणकोणत्या खोलीत लागतात?"

"स्वयंपाकघरात."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोणासाठी लावू?"

वहिनींनी मला कोपराने ढोसलं, पण बोलून झालं होतं. अंगणाने पोह्यांचं कौतुक केलं, घर हवेशीर असल्याचं सांगितलं आणि म्हणालं, "कळवू."

निरोप घेऊन अण्णा स्वतः आले. दारातच उभे राहिले. "ताई, तुम्हाला नावं ठेवत नाही ते. जागा चांगली आहे म्हणतं. पण हे घर नव्हे म्हणतं."

"मग काय आहे?"

"कार्यालय. एक माणूस, एक दिवा, भिंतीवर घड्याळ. अशा जागेला नियमाने कचेरी बसते."

"मेलं कुठलं!" वहिनी त्यांच्या दारातून ओरडल्या. "एवढा चकचकीत पडदा आहे, त्यात स्वतःचं तोंड बघ म्हणावं एकदा!"

अण्णांनी हा निरोपही पोचवतो म्हणून सांगितलं.

कचेरी आली ती कामाच्या दिवशी. तिने पोहे ठेवू दिले नाहीत. "प्लग कुठे आहे?" तिने विचारलं. मी दाखवला. "वेळ दहा ते सहा. रविवारी सुट्टी. मान्य?"

"मान्य."

"मग माझा होकार आहे."

त्या खोलीत मला आलेला तो पहिला होकार. मला जरा गहिवरून आलं. कचेरीने विचारलं, "काही अडचण?"

अडचण काहीच नव्हती. दिवसभर आम्ही काम करायचो. डब्यांमधल्या डाळींची नोंद केली, जुने फोटो वर्षांप्रमाणे लावले. आईचे फोटो कोणत्या विभागात ठेवायचे, असं तिने विचारलं. मी 'चालू' म्हटलं. तिने हरकत घेतली नाही. पण सहा वाजले की "आजचं काम संपलं" म्हणून ती मिटायची, आणि मग घड्याळच ऐकू यायचं.

एका संध्याकाळी मी तिच्या झाकणावर हात ठेवला. "थोडं बस ना."

"कारण?"

"करमत नाही गं."

"हे कारण चालत नाही. सहानंतर थांबायला तपासणी, आग किंवा सभा लागते."

मी विचार केला. "सभा आहे," म्हटलं.

"सभासद?"

"मी."

"आणखी?"

"तू."

"मी सचिव. सचिव गणपूर्तीत धरत नाहीत."

मी हात काढून घेतला. ती मिटेल असं वाटलं, पण मिटली नाही. नियम चाळून म्हणाली, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब करता येते. तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते. तिला गणपूर्तीची अट नाही. सोसायट्यांमध्ये असंच करतात."

तेव्हापासून आमच्याकडे रोज सभा असते. कचेरी आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचते. "अध्यक्षांनी भरली वांगी केली. मीठ कमी पडल्याची सभेने नोंद घेतली. कायम करायचं?"

"कायम."

त्यानंतर ऐनवेळचे विषय. त्यात मी आईबद्दल बोलते, कधी गुडघ्याबद्दल. कचेरी मत देत नाही. "नोंद घेतली," म्हणते. झोप येईपर्यंत विषय पुरतात.

खोतवहिनींना मी एकदा रीतसर बोलावलं होतं. "अगंबाई, सहाला? तेव्हा पोरांचे क्लास, मामंजींची गोळी, माझी कणीक. उद्या बघते हं, शालनताई," त्या म्हणाल्या. त्यांचं खरंच होतं. घर असलं की तसं असतं.

तहकुबीच्या अर्ध्या तासात दार उघडं ठेवावं लागतं. एखादा सभासद उशिरा येऊ शकतो, त्याला आत येता आलं पाहिजे, असा नियम आहे. मी दाराकडे तोंड करून बसते. कचेरीलाही तिकडेच वळवून ठेवते. जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही दोघी बघतो. पाऊल वर निघून जातं.

"वेळ झाली," कचेरी म्हणते. मी दार लावते, आणि सभा सुरू होते.