तेल वर की खाली?

तेलाच्या साठ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कशिंग गावात राहणाऱ्या प्रत्येकाला तेलातलं कळतं, असा बाहेरच्यांचा गैरसमज असतो. डेल्मर पिकेटची पंचाईत अशी, की त्याचाही तोच गैरसमज होता. वास्तविक तो गाड्यांच्या नंबरप्लेटा देणाऱ्या कचेरीतला कारकून. तेलाशी त्याचा संबंध गाडीत पेट्रोल भरण्यापुरता (आणि तेही बहुतेक वेळा त्याची बायको रोंडाच भरून आणायची). पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून कच्च्या तेलाच्या टाक्या दिसायच्या. पांढऱ्या, गोल, मुक्या, नजर पोचेल तिथपर्यंत. चहूकडून नळ येऊन त्यांच्या पोटात शिरलेले. रोज सकाळी त्यांचं तोंड बघणाऱ्याला भाव कळणार नाही तर कुणाला?

म्हणून त्याने ठरवलं, भाकितांच्या बाजारात उतरायचं. प्रकार सोपा होता. ‘या आठवड्यात कच्चं तेल सत्तर डॉलरच्या वर जाईल का?’ ‘हो’ विकत घ्या नाहीतर ‘नाही’. खरं ठरलं की पैसे. मात्र डेल्मर आंधळी उडी मारणाऱ्यातला नव्हता. (तो डोळे उघडे ठेवून उडी मारायचा आणि तरी पडायचा.) त्याने आधी फोनवरच्या तीन प्लॅटफॉर्मची रीतसर तुलना केली. पहिला सरकारमान्य, बँकेसारखा कोरडा. दुसरा भडक, भावाखाली लोकांची शिवीगाळ चाललेली. तिसरा अगदी छोटा. त्यात शिरलं की ओस पडलेल्या बाजारपेठेतून एकट्याने चालल्यासारखं वाटायचं.

तुलना करता करता त्याला घबाड सापडलं. पहिल्यावर ‘हो’ स्वस्त, दुसऱ्यावर ‘नाही’ स्वस्त. दोन्ही घेतले की एक तरी लागणारच!

“रोंडा, याला म्हणतात डोकं,” तो म्हणाला.

“कशाला?” रोंडाने खरंच इकडेतिकडे पाहिलं.

गुरुवारी भाव क्षणभर सत्तरच्या वर गेला आणि शुक्रवारी बाजार बंद होताना खाली आला. तेव्हा डेल्मरने नियम वाचले. पहिला प्लॅटफॉर्म शुक्रवारचा शेवटचा भाव धरत होता. दुसऱ्याला आठवड्यात एकदा शिवून गेलेला भावही चालत होता. डेल्मरचा ‘हो’ही बुडाला, ‘नाही’ही बुडाला. दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो हे ठाऊक होतं, पण दोन्ही दगड एकदम बुडालेले कशिंगने प्रथमच पाहिले.

बुडालेला पैसा समुद्रकाठच्या गॅल्व्हेस्टनच्या सहलीचा होता. लग्नाला तीस वर्षं होत होती आणि रोंडाने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिला न सांगता डेल्मर तिसऱ्या प्लॅटफॉर्मकडे वळला.

तिथे भलतंच सुरू झालं. त्याने ‘हो’ घेतला, की समोरून लगेच कुणीतरी ‘नाही’ घ्यायचं. त्याने मन बदललं, की तेही बदलायचं. समोरच्याचं नाव तिथे दिसायचं. नाव होतं ‘घुबड’. त्या ओसाड बाजारात दुसरं कुणी नव्हतंच. डेल्मर आणि घुबड. आणि दर वेळी घुबड बरोबर.

पुढे गावही बदललं. खाणावळीत तो शिरला, की बोलणी थांबायची. वाढणारी बाई कॉफी ओतता ओतता हळूच विचारायची, “काय डेल्मर, तेल वर की खाली?” तो म्हणायचा, “वर.” झालं, सगळ्या माना एकदम खाली. प्रार्थनेला झुकाव्यात तशा. पण हात टेबलाखाली आणि चेहऱ्यांवर खालून निळसर उजेड. नुसता छताचा पंखा फिरत असायचा. चर्चच्या दारात पाद्रीबुवांनी त्याचा हात धरला तो सोडेनात. “बंधू डेल्मर, तेलाबद्दल आज तुमचं मन काय सांगतं?” डोळ्यांत भूक होती. भक्तीची नव्हे.

“रोंडा, कुणीतरी माझ्या डोक्यात शिरलंय गं,” तो घरी येऊन म्हणाला.

“शिरू दे की. जागा भरपूर आहे,” बटाटे सोलता सोलता रोंडा म्हणाली.

बुधवारी दुपारी आभाळ हिरवट पडलं, मुका मार लागल्यासारखं. वारा थांबला. कुत्री गप्प झाली. टाक्यांकडून एक लांबलचक कण्हणं ऐकू येऊ लागलं. आतलं तेल उपसलं जात होतं आणि तेलावर तरंगणारी झाकणं खाली बसत होती. एवढं कारण ठाऊक असूनही डेल्मरच्या अंगावर काटा आला. आता जे उरलं ते शेवटचं लावायचं, आणि कुणाची नजर पोचणार नाही अशा जागी बसून लावायचं! तो मागच्या अंगणातल्या, वादळात लपण्यासाठी खणलेल्या तळघरात उतरला. ओल्या मातीचा वास, काळोख. त्याने फोन उघडला, श्वास रोखून ‘हो’ दाबलं.

घुबड : नाही.

आणि त्याखाली, आजवर कधीच न बोललेल्या त्या नावापुढे अक्षरं उमटली : ‘डेल्मर, वर येताना जपून. मधली पायरी कुजली आहे.’

डेल्मर किंचाळला आणि धावत वर निघाला. नेमका मधल्या पायरीवरून.

खाली मातीत पडल्या पडल्या त्याने वर पाहिलं. दाराच्या हिरव्या चौकोनात एक काळी आकृती उभी होती. तिच्या हातात काहीतरी चमकत होतं.

“क... कोण?”

“मी रे. तुला तळघरात घुसताना खिडकीतून पाहिलं. लिहिलं होतं ना जपून म्हणून!”

“घुबड... तू?”

“मग काय करू? तीस वर्षं बघतेय. तू ऊन पडेल म्हणालास की मी छत्री घेते. एकदाही भिजले नाही.”

“आणि गावातले लोक?”

“चर्चमधल्या बायकांपाशी बोलून गेले असेन.” रोंडा खाली उतरली (मधली पायरी सोडून) आणि त्याच्या शेजारी बसली. “रडू नकोस. तिथे तू घालवलेलं सगळं माझ्याकडेच आलंय. गॅल्व्हेस्टनला खोली ठरवलीये. समुद्राकडची.”

डेल्मरमधला अभ्यासू कारकून जागा झाला. “पण खरं सांग, तिन्हीत चांगला प्लॅटफॉर्म कुठला?”

“ज्यावर तू असशील तो.”

पाऊल भोपळ्यासारखं सुजलं होतं, तेव्हा तिने त्याला दूर तल्सा शहरातल्या इस्पितळात नेलं. डेल्मरला तेवढंच हायसं वाटलं. इथे आपल्याला ओळखणारं कुणी नाही! तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचा घोटा दाबला, एक्स-रे सांगितला आणि तो येईपर्यंत त्याचा केसपेपर वाचायला घेतला. वाचता वाचता त्या थांबल्या.

“पिकेट? कशिंगचे?”

“हो.”

बाई जवळ सरकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटतं, हाड मोडलं असेल?”

“छे हो! नुसतं मुरगळलंय.”

बाईंनी एक्स-रेची वाट पाहिली नाही. दाराबाहेर डोकं काढून त्या ओरडल्या, “सिस्टर, प्लास्टर भिजवायला घ्या!”