मच्छिंद्रचे अडीच तास

वेळ ही मोजायची नव्हे, सांगायची गोष्ट आहे, हे जगातल्या पुष्कळ समाजांना अजून उमगलेले नाही. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागाला ते केव्हाच उमगले. फोनवर कोणी "आलोच" म्हणाला, तर तो अंथरुणात आहे. "निघालोय" म्हणाला, तर आंघोळीला निघाला आहे. "फाट्यावर आहे" म्हणजे चप्पल सापडली (कोणत्या फाट्यावर, हे विचारणे असभ्यपणाचे समजले जाते). आमच्या मंडळाने केलेल्या पाहणीत शंभरपैकी एकोणनव्वद नागरिकांनी आपण वेळ पाळतो असे नमूद केले. उरलेले अकरा पाहणीलाच उशिरा आले.

मंडळ म्हणजे पिंपळवंडीचे क्रीडा, सांस्कृतिक व सत्कार मंडळ. अध्यक्ष दादाभाऊ, चिटणीस मी. क्रीडेचा आम्हाला फारसा अनुभव नसला तरी सत्काराचा दांडगा आहे. म्हणूनच गावचा मच्छिंद्र ट्रायथलॉनमध्ये उतरणार असे कळताच आम्ही तातडीची सभा बोलावली. (वेळ संध्याकाळी पाच. सभा पावणेसातला वेळेवर सुरू झाली.)

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचे, मग सायकल हाणायची, मग पळायचे, आणि हे सगळे कोणी मागे लागलेले नसताना. मढजवळच्या धरणात दीड किलोमीटर पोहून, ओतूर-आळेफाटा मार्गे चाळीस किलोमीटर सायकलवर पिंपळवंडीला यायचे आणि गावाभोवती दहा किलोमीटर पळून शाळेच्या मैदानावर थांबायचे, असा बेत होता. अर्जात एक रकाना होता : 'अपेक्षित वेळ'. सारे रामायण त्या रकान्यामुळे घडले.

मच्छिंद्र एक्केचाळीस वर्षांचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने भरून देतो. या धंद्यात दिवसाला सरासरी चौदा वेळा "आलोच" म्हणावे लागते आणि त्याने ते कधी कमी पडू दिले नाही. पण गेल्या डिसेंबरात शाळेच्या संमेलनात त्याच्या सुप्रियाला पळण्याचे बक्षीस मिळाले. तेव्हाही तो फोनवर "आलोच" म्हणाला आणि पोचला तेव्हा मांडववाले खुर्च्या टेम्पोत चढवत होते. तेरा वर्षांची पोर कप मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. ती रडली नाही, रागावली नाही, घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या गप्प बसण्याचा मच्छिंद्रने धसका घेतला. तो तिला म्हणाला, "एकदा तरी सांगितल्या टायमाला येऊन दाखवतो. न्हाई आलो, तर पुन्हा मला आलोच म्हणू देऊ नको."

मंडळाच्या मते ही भूमिका जरा टोकाची होती. एका चुकीसाठी माणसाने आपली भाषा सोडू नये.

सुप्रियाने मग घड्याळ हातात घेतले. आठ महिने तिने बापाला मोजला. शेततळ्याच्या साठ फेऱ्या, पंचेचाळीस मिनिटे. सायकल, एक तास चाळीस. पळणे, एक तास आठ. मधे कपडे-बूट, सात मिनिटे. एकूण तीन तास चाळीस. सकाळी सातला सुटला तर दहा चाळीसला मैदानावर. तिने हा आकडा वहीत लिहून त्याखाली बापाची सही घेतली.

सभेत मच्छिंद्रने तो आकडा सांगितला, तेव्हा दादाभाऊंनी सत्काराच्या प्रमुख पाहुण्यांचे पत्र पुढे सरकवले.

"आरं, पण पाव्हणं साडेनवालाच मोकळं हायती. दहाला घोडेगावात दुसरा कार्यक्रम हाय त्यांचा."

"पण मला तेवढा टाइम लागतुया, दादाभाऊ."

"तुला लागंल. पण सत्काराला न्हाई ना लागत तेवढा!"

हा मुद्दा बिनतोड होता. सातला सुटून साडेनऊला यायचे म्हणजे अडीच तास, हे उत्तर आधीच हाती असल्याने गणित सोपे गेले. आमचा सभासद सोपान विहिरीची समोरची कड चाळीस सेकंदांत गाठतो, त्यावरून पोहण्याला पंधरा मिनिटे धरली (विहीर तीस फूट रुंद आहे, ही बाब टिपणात घेतली नाही). मढहून खाली उतारच आहे, असे दोन सभासदांनी जीपमधून पाहिले होते. पळण्यातली उरलेली तूट टाळ्यांच्या जोरावर भरून निघेल असे ठरले. रकान्यात 'अडीच तास' भरण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मच्छिंद्रला मत नव्हते, कारण उमेदवाराने स्वतःच्या वेळेबाबत बोलणे बरे दिसत नाही. दुसऱ्याच दिवशी फ्लेक्स लागला : 'अवघ्या अडीच तासांत ट्रायथलॉन पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. स्पर्धेला तेव्हा नऊ दिवस बाकी होते.

स्पर्धेदिवशी मच्छिंद्र ठरल्याप्रमाणे पोहला आणि ठरल्याप्रमाणे सायकलवर बसला. खरा अडथळा ओतूरला होता. तिथे त्याची आत्या बयाबाई रस्त्यात चहाची किटली घेऊन उभी होती.

"आरं मच्छ्या, दारावरनं तसाच चाललास व्हय? घोटभर तरी घे!"

आमच्या भागात आत्याचा चहा टाळणे म्हणजे पुढच्या तीन लग्नांत मानपान गमावणे. मच्छिंद्र थांबला नाही. "आत्ते, आज पोरीला टाइम दिलाय!" एवढे ओरडून तो पुढे गेला, आणि तो रडत होता असे बयाबाई आजही सांगते. (मच्छिंद्रच्या मते तो घाम होता.)

इकडे साडेनऊला मंडळ हार घेऊन सज्ज होते. पाहुण्यांचा फोन आला, "निघालोय." दादाभाऊंनी ओळखले आणि सर्वांना पुन्हा नाष्टा दिला. सुप्रिया मात्र दोरीपाशी घड्याळ धरून उभी होती. तिने पोह्यांना हात लावला नाही.

दहा अडतीसला मच्छिंद्र मैदानावर आला. पाय फेंगडे पडत होते, पण येत होता. सुप्रियाने घड्याळ दाबले, त्याच्यासमोर धरले आणि आठ महिन्यांचा धीर सुटून मोठ्याने रडली.

"पप्पा, दोन मिनिटं आधी आलात!"

दहा पंचेचाळीसला पाहुण्यांची गाडी वळली. म्हणजे मंडळाच्या हिशेबाने मच्छिंद्र पाहुण्यांच्या आधी, अर्थात वेळेत पोचला होता. माइकवरून अडीच तासांचा पराक्रम जाहीर झाला. शाल पडल्यावर मच्छिंद्रने माइक धरला. "मला तीन तास अडतीस मिनिटं लागली. पोरगीनं मोजलंय." मग पाहुणे उठून म्हणाले, "एवढं करून माणूस किती नम्र!" त्यावर सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. मंडळाच्या प्रमाणपत्रावर अडीच तासच आहेत.

ते प्रमाणपत्र मच्छिंद्रच्या घरी मोटारींच्या तारांमागे पडलेले आहे. भिंतीवर वहीचे पान लावले आहे. हल्ली तो गिऱ्हाइकाला सांगतो, "चार वाजून वीस मिनिटांनी येतो," आणि येतो. लोक वैतागले आहेत, कारण त्या वेळी घरी कोणी नसते.

आपण हे वाचून गालात हसत असाल तर मंडळाला आनंदच आहे. फक्त एक नोंद राहिली. मघाशी घरातून आपल्याला कोणीतरी हाक मारली होती आणि आपण मान वर न करता "आलोच" म्हणाला होतात. ते माणूस अजून पायरीवर बसले आहे. आपले नाव आम्ही आजीव सभासदांत लिहून घेतले आहे. सत्काराची तारीख कळवू. आपण निघालेलेच असाल.