सरलष्कर निंबाजी यांनी पळता क्षय सोडिला, त्याची हकीकत

श्री प्राणवायु प्रसन्न. ज्याचा श्वास सुखे येतो जातो त्याने बसोन ऐकावे, ज्याची छाती घरघरते त्याने तोंडास रुमाल लावून ऐकावे. शके १९४१, विकारीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमीस महाराज सिंहासनी विराजमान असता बातमी आली की, क्षय नामे गनीम राज्यात शिरला आहे, त्यास घोडा नाही की तलवार नाही, माणसांचे छातीत तळ देतो आणि खोकल्यावर स्वार होऊन या घरचा त्या घरी जातो, आणि रयत वाळोन काडी जाहली. महाराज बहुत संतापले आणि मोहिमेचा विडा मांडिला, आणि सरलष्कर निंबाजी ढमाले यांनी मिशीस पीळ देऊन तो उचलिला, आणि तोंडी घातला तोच ऐसे खोकले की, विडा उडोन दिवाणांचे पागोट्यावर जाऊन बसला. मग राज्याची डाक्तरीण जुलेखाबी पुढे होऊन म्हणाली, "सरलष्करांचा बेडका तपासायला हवा." बेडका जाहला तरी सरलष्करांचा, तो साधे डबीत कैसा जावा? मग चांदीची डबी आणविली, आणि डबी पालखीत बसविली, आणि वरी अबदागीर धरिली, आणि भालदार ललकारत पुढे चालिले, आणि रयतेने कोण जातो हे न पुसता मुजरे केले.

तपास होऊन जुलेखाबीने सांगितले, "गनीम तुमच्याच छातीत आहे. सहा महिने रोज गोळ्या घ्या, एकही दिवस चुकवू नका. बरा होतो हा रोग." लष्करातील आणखी काही सरदार त्याच दुखण्याचे निघाले, त्यांसही गोळ्या दिल्या. सरलष्करांचा कबिला, दर्याबाईसाहेब, हे ऐकोन धावत आल्या. म्हणाल्या, "मला तुमचा पराक्रम नको. तुम्ही हवेत."

दोन महिने गोळ्या चालिल्या आणि ताप गेला, आणि खोकला गेला, आणि सरलष्कर एके बैठकीत अख्खे कोंबडे खाऊ लागले. मग म्हणाले, "गनीम पळाला! आता गोळी बंद. पाठ दाखविल्यावर वार करणे ढमाल्यांच्या घराण्यात नाही." या घराण्याची रीतच तैसी होती. मग उरल्या गोळ्या मानाने शस्त्रागारी ठेविल्या, आणि तोफा सोडिल्या, आणि हत्तीवरोन साखर वाटिली, आणि महाराजांनी 'क्षयमर्दन' किताब दिला. सोबती सरदार म्हणाले, "सरलष्करांनी जीवदान दिले, मग आम्ही काय उणे?" त्यांनीही गोळ्या टाकिल्या. जुलेखाबी घरोघर फिरोन घसा कोरडा करी, परंतु नगाऱ्यापुढे टिमकी कोण ऐकतो?

पुढे फाल्गुनात क्षयमर्दन पुन्हा खोकले, आणि या वेळी रुमाल लाल जाहला. दर्याबाईसाहेबांनी तो पाहिला आणि त्यांचा तोल सुटला. म्हणाल्या, "जन्मभर काय केलंत? पळायचं सोंग करायचं, रानात दडायचं, आणि शत्रू गाफील झाला की उलटून तुटून पडायचं. तोच डाव तुमच्यावर कोणी खेळला तर ओळखू येऊ नये? तो पळाला नव्हता, दडला होता! आणि तुम्ही साखर वाटत बसलात!" ऐसे बोलोन त्या रडो लागल्या. सरलष्कर खाली पाहोन म्हणाले, "डाव आमचाच, आणि आम्हीच फसलो. बोलवा जुलेखाबीस."

जुलेखाबीने तपासोन सांगितले, "जुन्या गोळ्यांना तो आता दाद देत नाही. नवं, कडक औषध, पहिल्या दिवसापासून, आणि मुदत लांबली." मग रोज सकाळी दर्याबाईसाहेब पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहत आणि म्हणत, "आ करा. जीभ उचला. गिळलीत?" ज्याने कोणा शत्रूपुढे मान लवविली नाही, तो सरलष्कर शिपायांदेखत आ करोन दाखवी. गोळ्यांनी मळमळ होई, तोंड कडू होई, तरी चुकविली नाही. सोबती सरदारही पुन्हा खोकू लागले होते, त्यांसही जुलेखाबीने बहुत समजाविले. ते बोलिले, "बायकांपुढे तोंड उघडून दाखवणं मर्दाला शोभत नाही."

येणेप्रमाणे मोहीम जाहली. सरलष्कर आ करोन वाचले, किताब परत केला, आणि दर्याबाईसाहेबांसमवेत म्हातारे जाहले. सोबती सरदार शेवटपर्यंत शूर राहिले. त्यांच्या समाध्या नदीकाठी आहेत.