सिस्टरबाईंच्या दिवसाच्या झोपेची बखर

हकिकत लिहावयास कारण ऐसे जे, सुईदोराधुरंधर, कातरबहाद्दर, राजमान्य राजश्री टेलर मास्तर यांनी महामार्गाकाठचे घर कोणे प्रकारे पारखिले, रहदारीचा आवाज कैसा जोखिला आणि त्या धामधुमीत आठ वर्षांची चूक कैसी उघडकीस आली, हे पुढील पिढ्यांस कळावे. नाहीतर लोक खिडकी उघडितात, हवा छान आहे म्हणतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात. लिहिणाराने जे पाहिले ते लिहिले, जे पाहिले नाही ते मास्तरांच्या मातोश्रींस पुसोन लिहिले, आणि मातोश्रींस अंमळ कमी ऐकू येते हेही येथेच नमूद केले आहे.

ऐसियास, मास्तरांचे कुटुंब सिस्टरबाई, इस्पितळी रात्रपाळीच्या मुख्य परिचारिका. सारी रात्र चाळीस खाटांचा मुलूख राखोन सकाळी आठास घरी येत, नवास निजत आणि दुपारी चारास उठत, ऐसा शिरस्ता. परंतु निजत म्हणावे इतकेच. झोप तास-दीड तास, बाकी कूस बदलणे, आणि एके दिवशी तर जिन्यात उभ्याउभ्या पेंगल्या. याकरिता मास्तरांनी आठ वर्षे घरी शांततेचे राज्य कडेकोट चालविले होते. दारावरील घंटीस चिंधी बांधिली, खुर्च्यांच्या पायांस लोकरी मोजे शिवोन घातले, चमचा पेल्यास न लागता साखर ढवळण्याची विद्या साध्य केली, आणि नऊ ते चार शिलाई मशीनीस स्पर्श करू नये, त्या वेळी काजे, गुंड्या, हातशिलाई काय ती करावी, ऐसे फर्मान स्वतःच स्वतःवर काढिले. दिवसा मायलेक हातवाऱ्यांनी बोलत. मातोश्रींस कुजबुजावयाचा मोह होई आणि त्यांची कुजबुज दोन मजले ऐकू जाई, त्यास मात्र इलाज नव्हता.

ऐशात घरमालकाचा हुकूम आला जे, आमचे चिरंजीव सहकुटुंब येतात, दोन महिन्यांत जागा खाली करावी. मग मास्तर घरशोधास निघाले आणि चपला झिजवून शेवटी एकच घर पदरी येण्याजोगे उरले. तिसरा मजला, उजेड मुबलक, इस्पितळ हाकेच्या अंतरावर, फरशी नवी. परंतु समोर महामार्ग, सहा पदरांचा, इकडून तिकडे पसरलेला.

घराचा एजंट म्हणजे चकचकीत बुटांचा आणि त्याहून चकचकीत जिभेचा मोठा मुत्सद्दी. त्याने मंगळवारी सकाळी बरोबर नवाची वेळ नेमिली आणि मास्तर व मातोश्रींस पुढील खोलीत नेऊन खिडकी सताड उघडिली. पाहातात तो खाली मोटारीस मोटार लागली आहे, मुंगीस वाट नाही, आणि आवाज म्हणाल तर जवळजवळ नाहीच. मातोश्री थक्क जाहाल्या.

"एवढ्या गाड्या आणि हूं नाही की चूं नाही! अगदी आपल्यासारखीच शिस्तीची माणसं दिसतात."

मास्तरांस आनंद मावेना. दोन दिवसांत होकार कळवितो ऐसे वचन देऊन घरी आले आणि मग त्यांचे हातून जे जाहाले ते दुसऱ्या कोणाचे हातून होते ना. घर नावावर नाही, बयाणा दिला नाही, आणि मास्तरांस पडदे शिवण्याची घाई जाहाली. बुधवारी एकटेच टेप घेऊन, एजंटाकडून किल्ली मागोन, अकराचे सुमारास खिडकीचे माप घ्यावयास गेले. रुंदी घेतली, उंची घ्यावयास हात वर केला, आणि तेथेच थांबले. हातातील टेप थरथरत होती. काचही थरथरत होती. खाली सकाळची कोंडी फुटली होती आणि ट्रक, टँकर, मोटारी भरधाव सुटल्या होत्या. नवास फौज जागीच उभी असते म्हणोन गप्प असते, चालू लागली म्हणजे कळते, हा एजंटाचा डाव मास्तरांस तेव्हा उमगला. त्यांस राग आला, पण त्याहून भय जास्त वाटले. होते ते तास-दीड तासही बायकोच्या डोळ्यांवरून जातील, हेच ते भय.

एजंटास बोलाविले. त्याने हात जोडोन अर्ज केला जे, खिडकी लावावी, पंखा सोडावा, पंधरा दिवसांत कान सरावतो. मग मोबाइलावर आवाज मोजण्याचे यंत्र काढिले. एजंट मोबाइल घेऊन स्वयंपाकघराचे कोपऱ्यात जाई, आकडा उतरे, मास्तर तो हिसकोन खिडकीबाहेर धरीत, आकडा चढे, आणि ऐसी घोडदौड घटकाभर चालली. शेवटी मास्तरांस आपल्या धंद्याचा कायदा आठवला. टेपेने माप कितीही घेतले तरी कच्ची शिलाई मारोन, अंगावर चढवोन, गिऱ्हाइकास हात वर कर, खाली बस म्हटल्यावाचून कपडा पुरा करावयाचा नाही.

"ट्रायल झाल्याशिवाय मी साधी बंडी देत नाही," मास्तर म्हणाले. "ही इथे येऊन झोपेल. मग बोलू."

गुरुवारी सकाळी गादी तिसऱ्या मजल्यावर चढली. सिस्टरबाई इस्पितळातून परस्पर आल्या, मागील खोलीत शिरल्या आणि आडव्या जाहाल्या. मागील खोलीची खिडकी उघडी ठेविली, कारण मास्तरांस खोटी ट्रायल मान्य नव्हती. मास्तर, मातोश्री आणि एजंट यांनी स्वयंपाकघरात तळ दिला आणि एजंटाचे बूट दाराबाहेर काढविले. दहा वाजले, अकरा वाजले, महामार्ग रंगात आला. पुढील खोलीत तो गर्जत होता, मागे मात्र इमारत आड येऊन त्याची एकसारखी घरघर तेवढी पोहोचत होती. मास्तर गुंड्या लावीत बसले होते, पण लक्ष सारे दाराकडे. त्या नादात कोपर लागला आणि गुंड्यांचा पत्र्याचा डबा फरशीवर आदळला. शेदीडशे गुंड्या चहूकडे धावल्या. आठ वर्षांत ऐसा आवाज त्या कुटुंबात जाहाला नव्हता. मातोश्री चवड्यांवर जाऊन पाहून आल्या आणि दोन्ही हात गालाखाली धरोन खूण केली जे, गाढ आहे, तोंडही उघडे आहे.

पुढे एक वाजता कोठेसा ट्रक बंद पडला आणि रहदारी दोन्ही बाजूंनी थबकली. घरघर थांबली. घरात टाचणी पडेल तर ऐकू यावी ऐसी शांतता पसरली, आणि त्या शांततेत मातोश्री कुजबुजल्या, "अरे, झोपलीय का रे ती अजून?"

सिस्टरबाई केस सावरीत दारात उभ्या.

मास्तरांनी मान खाली घातली, सुई कापडात खोविली आणि उठोन माघारीचा हुकूम दिला. "चला. हे घर नको."

"नको काय? अहो, चार तास झोपले मी! सलग!" सिस्टरबाई म्हणाल्या. "रस्ता बंद पडला आणि आईंचं बोलणं ऐकू आलं, म्हणून जाग आली."

"पण घरी एवढी शांतता असते तरी..."

"तीच तर झोपू देत नाही. पडल्या पडल्या ऐकत असते. तुम्ही चोरपावलांनी आलात. आता दार धरून उभे आहात. आता चमचा ठेवाल. ठेवला का? का ठेवत नाही अजून? ह्यातच दुपार होते. हा रस्ता बिचारा आपला घूं करत असतो, त्याच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही."

"मग आठ वर्षं बोलली का नाहीस?"

"खुर्च्यांना मोजे शिवलेत तुम्ही," सिस्टरबाई म्हणाल्या. "कोणत्या तोंडाने बोलू?"

मास्तर गुंड्यांमध्येच खाली बसले. आठ वर्षांचा आपला पराक्रम उलटा पडला म्हणोन त्यांस ओशाळे वाटले, आणि हिने आठ वर्षे झोप गमावली पण आपले मन मोडले नाही म्हणोन डोळ्यांत पाणी आले, आणि मग हसू आले ते आवरेना. सिस्टरबाईही हसू लागल्या. एजंटास काही उमगले नाही, तरी तोही हसला. मातोश्री तेवढ्या ज्याला त्याला "काय म्हणाली?" ऐसे पुसत राहिल्या.

मग करार जाहाला. मागील खोली झोपेस आणि पुढील खोली मास्तरांच्या कारखान्यास लाविली. राहावयास आल्यावर पहिल्या सोमवारी, अकराचे सुमारास, सिस्टरबाई मागे निजल्या असता मास्तर मशीनीवर बसले. कापड लाविले, दोरा ओविला, पायडलावर पाय ठेविला, पण पाय दाबेना. तेव्हा मातोश्री, आठ वर्षांत प्रथमच आपल्या घरात दिवसाढवळ्या मोकळ्या गळ्याने, "अरे, चालव की!" ऐसे गरजल्या आणि मास्तरांनी मशीन सोडिली ती एका दमात आखी बाही जोडोनच थांबविली. दाराकडे पाहिले. कोणी आले नाही. मग दुसरी बाही घेतली.

सिस्टरबाई त्या दिवशी पाचास उठल्या आणि मला चहाला का उठवले नाही म्हणोन रागावल्या. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहाली, ती येथे रीतसर नोंदिली आहे. घंटीची चिंधी त्याच सायंकाळी सुटली. खुर्च्यांचे मोजे मास्तर काढू लागले, तेवढे मात्र सिस्टरबाईंनी काढू दिले नाहीत.